खरे सांगितले म्हणून कॉलेज बंद होणार नाही, हे तिला आधी कळू द्या

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. माझी सोळा वर्षांची मुलगी अकरावीला असून रोज एसटीने तालुक्याला जाते. तिथल्याच बारावीतील एका मुलाशी तिचे जुळल्याचे मला दिवाळीच्या सुमारास कळले. तिच्या मोबाईलचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, रात्री व्हिडिओ कॉल करून ती कुठे आहे हे तो दाखवायला लावतो आणि मैत्रिणींशी बोललेले त्याला खपत नाही. मागच्या आठवड्यात तिच्या मनगटावर वळ दिसला; विचारले तर बसच्या दांड्याचे लागले म्हणाली. वडिलांना सांगितले तर ते शिक्षण थांबवून स्थळ बघतील आणि तिचा भाऊ त्या मुलाला मारायला धावेल. मी काय करावे? – एक आई

उत्तर : ताई, तुम्हाला त्या मुलाइतकीच आपल्या घराची भीती वाटते आहे, आणि मुलीलाही तीच वाटत असणार. मुलीचे काही कळले की पहिला घाव तिच्या शिक्षणावर पडतो, हे ती गावात लहानपणापासून पाहत आली आहे. त्या मुलालाही ते ठाऊक आहे. ‘तुझ्या घरी सांगतो’ एवढी एक धमकी त्याला पुरते. म्हणून वळाविषयी पुन्हा विचारण्याआधी, काहीही झाले असले तरी तुझे कॉलेज सुटणार नाही, हे वचन तिला द्या. घरच्यांना सगळे माहीत आहे आणि तरीही ते तिच्या बाजूने उभे आहेत असे झाले, की ती धमकी निकामी होते.

हे बोलणे समोरासमोर बसवून करू नका. सुटीच्या दिवशी वावरात दोघी शेजारच्या ओळींत कापूस वेचत असताना, हात कामात आणि नजर बोंडांवर असताना, मुली पुष्कळ बोलतात. त्या मुलाला नावे ठेवलीत तर ती त्याचीच बाजू घेईल. त्यापेक्षा, त्याचा फोन वाजला की तुला आनंद होतो की धास्ती वाटते, एवढेच विचारा आणि थांबा. पासवर्ड मागणे, मैत्रिणी तोडायला लावणे याला ती ‘त्याचा माझ्यावर जीव आहे’ असे समजत असेल. आपण मोठ्यांनीही बायकांवरच्या पाळतीला काळजी म्हणत आलो आहोत, तेव्हा हा गैरसमज एकट्या तिचा नाही.

संबंध तोडायचे तिने ठरवले तर अधिक जपा, कारण मुलगी दूर होऊ लागते तेव्हाच मारहाणीचा धोका वाढतो. शेवटचे भेटायला तिने एकटीने मुळीच जाऊ नये. पासवर्ड तुमच्यासमोर बदलावा, धमकीचे संदेश पुसू नयेत, आणि फोनवर ‘आजीच्या गोळ्या आणू का?’ असे विचारले की कोणीतरी लगेच निघायचे, अशी एखादी खूण दोघींत ठरवावी.

मुलगी नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या मोबाईलवर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. शरीरसंबंध किंवा तसल्या फोटोंचा विषय निघाला तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि १८ वर्षांखालील मुलीची संमती तो ग्राह्य धरत नाही. असे फोटो पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. मुलगाही १८ च्या आतला असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. सल्ल्यासाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक तिला पाठ असू द्या.

वडिलांपासून हे फार दिवस लपवू नका, पण तिच्याशी बोलणे झाल्यावर, ती झोपल्यावर सांगा, आणि ज्यांचे ते ऐकतात असे एखादे वडीलधारे माणूस सोबत ठेवा. १८ वर्षांआधी तिचे लग्न लावणे २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने गुन्हा असून त्यात आईवडीलही अडकतात, हे त्यांना स्पष्ट सांगा.

भावाने हात उचलला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल आणि तो मुलगा राग तुमच्या मुलीवर काढेल. त्याला काही करायचेच असेल, तर संध्याकाळची एसटी येते तेव्हा त्याने फाट्यावर उभे राहावे, बहिणीसोबत घरापर्यंत चालत यावे आणि वाटेत तिला एकही प्रश्न विचारू नये.