स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे नेहमीचा स्वादुपिंडाचा कॅन्सरच का?

तुमच्या आईच्या बायोप्सीत हे नाव आलंय आणि तुम्ही विचारताय की हातात आता थोडेच महिने आहेत का. नावावरून तसं धरून चालू नका. अवयव तोच असला तरी आजार वेगळा आहे.

स्वादुपिंडाचे बहुतेक कॅन्सर पाचकरस वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरात सुरू होतात. नेटवर वाचून धडकी भरते ते आकडे त्यांचे. हा ट्यूमर हार्मोन तयार करणाऱ्या पेशींचा. तो बऱ्याचदा सावकाश वाढतो.

आमच्या मामांची गाठ इन्सुलिन सोडायची. पहाटे घामाने चिंब व्हायचे, बरळायचे. एकादशीला तर हमखास. मामी साखरपाणी पाजायची आणि थोड्या वेळात माणूस पुन्हा ताळ्यावर! तरी दोन वर्षं फिट्सच्या गोळ्या चालल्या. शेवटी एका डॉक्टरांनी त्रास होत असतानाच साखर, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा घटक) तपासलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. ही जात बहुधा साधी निघते; मामांची गाठ काढली आणि त्रास थांबला. गॅस्ट्रिन, म्हणजे पोटातलं आम्ल वाढवणारं हार्मोन, सोडणाऱ्या गाठीत अल्सर आणि जुलाब होतात, ग्लुकागॉन या हार्मोनवालीत अंगावर चट्टे येतात, साखर वाढते. पुष्कळ गाठी मात्र काहीच त्रास देत नाहीत. त्या दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये दिसतात, नाहीतर यकृतात पसरल्यावर.

म्हणून पॅथॉलॉजीच्या कागदावर ग्रेड आणि 'की-६७' हा आकडा शोधा. पेशी किती वेगाने वाढताहेत ते त्यावरून कळतं. ३ टक्क्यांच्या आत म्हणजे ग्रेड १, २० पर्यंत ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. 'पुअरली डिफरन्शिएटेड' (पेशी मूळ पेशींसारख्या राहिलेल्या नाहीत) असं लिहिलं असेल तर मात्र तो आक्रमक प्रकार, तिथे वेळ दवडू नका. पसरलाय का ते पाहायला गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन करतात. ऑपरेशन शक्य नसेल तर गाठीची वाढ आणि हार्मोन आवरणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आणि थेट गाठीपर्यंत किरणोत्सर्ग पोचवणारी ल्युटेशियम थेरपी असे मार्ग आहेत.

ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्जना स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच होता. २००३ मध्ये निदान झालं, पण त्यांनी ऑपरेशन सुमारे नऊ महिने लांबवलं. पुढे ते २०११ पर्यंत जगले. ते नऊ महिने मला अजून खटकतात.

आईला उपाशीपोटी घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतं का, ते आजच विचारा. होत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि रात्री तिच्या उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवा.