रस गढूळ आणि नूडल्सचा लगदा: चिकन सूप कुठे बिघडते?

प्रश्न: रविवारी दुपारच्या जेवणाला आम्ही घरचे सहा जण एकत्र बसतो. सासूबाई ७८ वर्षांच्या असून त्यांना तिखट सोसत नाही आणि मुलांना नूडल्स आवडतात, म्हणून सर्वांना चालेल असे चिकन नूडल सूप करून पाहिले. एक किलो चिकन, कांदा, गाजर आणि आले कुकरमध्ये चार शिट्ट्या देऊन शिजवले, वाफ काढून झाकण उघडले आणि त्यातच हक्का नूडल्स घालून दहा मिनिटे उकळले. रस गढूळ झाला, छातीचे तुकडे चोथ्यासारखे लागले आणि ताटे मांडून होईपर्यंत नूडल्सनी बहुतेक रस पिऊन टाकला. माझे नेमके काय चुकले? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: आपले साहित्य योग्यच होते; चूक झाली ती वेळेची. हाडांना रस सोडायला दीड-दोन तास लागतात, छातीच्या मांसाला वीस मिनिटे पुरतात आणि नूडल्सना चार-पाच मिनिटांहून अधिक सोसत नाही. हे तिन्ही एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजवले की त्यांतले एक तरी बिघडणारच.

आपल्याकडे अळणी करतात, हे या सूपचे जवळचे नातलग समजावे. रविवारी मटण शिजले की वाटण पडण्याआधी माझी आई त्यातले वाटीभर अळणी आजीसाठी बाजूला काढून ठेवत असे, आणि त्या वाटीची चव हाडांतून आलेली असे. सूपलाही तेच हवे. म्हणून चिकनवाल्याकडून एक किलो कोंबडी घेताना तंगड्या आणि छाती अखंड ठेवायला सांगावे व सोबत मान, पाठ आणि मिळाल्यास चार-सहा पाय मागून घ्यावेत. पायांत मांस जवळजवळ नसते, पण कातडी आणि स्नायुबंध भरपूर असतात. त्यांतले कोलॅजन मंद आचेवर विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि त्यामुळेच रस ओठांना किंचित चिकट, भरीव लागतो. गावरान कोंबडीचा रस अधिक चवदार होतो हे खरे, पण तिच्या मांसाला बराच जास्त वेळ द्यावा लागतो. पहिल्या खेपेला ब्रॉयलरच घ्यावी.

मोठ्या पातेल्यात कोंबडी, पाय आणि हाडांचे तुकडे ठेवून अडीच लिटर थंड पाणी घालावे आणि मध्यम आचेवर सावकाश तापवावे. पाणी तापू लागले की करड्या रंगाचा फेस वर जमतो. तो मांसातल्या प्रथिनांचा असतो आणि पहिली दहा मिनिटे पातेल्यापाशी उभे राहून झाऱ्याने काढत राहावा. फेस पांढरा आणि विरळ झाला, की अर्धा चिरलेला कांदा, आल्याचा छोटा तुकडा आणि आठ-दहा मिरे घालून आच अगदी बारीक करावी. पातेल्यात एखाददुसरा बुडबुडा आळसावून वर यावा, इतकीच. खळखळ उकळी आली तर चरबीचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात आणि रस दुधी, गढूळ होतो. कुकरची वाफ घाईने काढली की आत हाच प्रकार होतो, आणि उरलेली कसर आपल्या नूडल्सच्या पिठाने भरून काढली.

छाती कोरडी का झाली, तेही पाहू. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की ते खाण्यास सुरक्षित असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर कुकरच्या आत तापमान १२० अंशांपर्यंत जाते. तंगडीतल्या स्नायुबंधांना एवढी उष्णता मानवते. छातीचे मांस मात्र आक्रसते आणि त्यातले पाणी पिळून बाहेर निघते. म्हणून छातीचे तुकडे वीस मिनिटांनी आणि तंगड्या चाळीस मिनिटांनी बाहेर काढाव्यात. जाड भागाला सुरी मारून आत गुलाबी उरले नाही याची खात्री करावी. कोमट झाल्यावर हाताने मांस सोडवावे आणि सुटलेली हाडे परत पातेल्यात टाकावीत. सासूबाईंच्या वाडग्यात तंगडीचेच मांस घालावे, ते मऊ असते.

दीड-दोन तासांनी रस गाळून घ्यावा. मीठ आता घालायचे, आधी नाही, कारण रस आटतो आणि मीठ मात्र तेवढेच राहते; पावणेदोन लिटर रसाला दोन सपाट चहाचे चमचे घालून चव पाहावी. गाजराच्या चकत्या आणि मंडईत मिळाल्यास सेलेरीचा एखादा दांडा चिरून गाळलेल्या रसात दहा मिनिटे शिजवावा.

नूडल्स वेगळ्या पाण्यात. या बाबतीत तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. सहा जणांना २४० ग्रॅम कोरड्या नूडल्स पुरतात. पाकिटावरील वेळेपेक्षा एक मिनिट आधी निथळून, तेलाचा थेंब चोळून ठेवाव्यात. सगळे जण बसले, की प्रत्येक वाडग्यात आधी नूडल्स, वर मांस आणि मग कढत रस ओतावा. सासूबाईंसाठी गव्हाच्या शेवया आखूड मोडून घेतल्या तरी उत्तम, कारण लांब नूडल्स चमच्यात धरवत नाहीत.

प्रश्न: रविवारी सकाळी वेळ नसतो. सूप शनिवारी रात्री करून ठेवता येईल का? — एक वाचक, हडपसर

उत्तर: अवश्य, आणि ते अधिक चांगलेही होते. फक्त गाळलेला रस पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. रुंद, उथळ भांड्यांत ओतून ती पाण्याच्या परातीत ठेवावीत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये हलवावीत. सोडवलेले मांस वेगळ्या डब्यात थोडा रस घालून ठेवावे. सकाळी वर पिवळट चरबीचा थर गोठलेला दिसेल, तो चमच्याने सहज निघतो. खालचा रस चमचा लावताच जेलीसारखा थरथरला, तर हाडांनी आपले काम केले असे समजावे. हा रस नीट उकळून घ्यावा, मांस त्यात शेवटची दोन-तीन मिनिटे गरम करावे आणि नूडल्स मात्र जेवायला बसण्याच्या वेळीच उकडाव्यात.