सोन्याआधी पळतो तो हायड्रोजन

प्रश्न : लेसर म्हणजे शेवटी प्रकाशच. मग त्याने सोन्यासारख्या जड मूलद्रव्याचे आयन पळवतात ते कसे? आणि त्यामुळे कणांना वेग देणारी मोठी यंत्रं, म्हणजे त्वरक, कालबाह्य होतील का? (अकरावीतली एक वाचक)

उत्तर : प्रकाश इथे काम करतो ते बहुतांशी इलेक्ट्रॉनांकरवी. पेटावॉट लेसर म्हणजे, समज, ३० फेम्टोसेकंदांत ३० जूल (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग). ३० जूल ऊर्जा तशी किरकोळच. तीन किलोचं ओझं मीटरभर उचललं की तेवढी खर्च होते. सगळी करामत वेळेची. हा झोत काही मायक्रॉनच्या ठिपक्यात सोन्याच्या वर्खावर पडला की इलेक्ट्रॉन तापून मागच्या बाजूने बाहेर उसळतात आणि मागे राहिलेल्या धन आयनांना ओढू लागतात. तिथलं विद्युतक्षेत्र मीटरला एक लाख कोटी व्होल्टच्या घरात जातं. नेहमीच्या त्वरकात ते काही कोटींवर थांबतं.

पण हे क्षेत्र सोन्याच्या वाट्याला येतं कुठे? विद्यार्थी असताना मी नवाकोरा वर्ख लावून शॉट घेतला. आयन टिपायला सीआर-३९ होतं, चष्म्याच्या भिंगांचं प्लॅस्टिक. गरम कॉस्टिक सोड्यात ते धुतलं की आयनांनी पाडलेले खड्डे दिसतात. वाटेत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी वळवलेले आयन जातीप्रमाणे वेगवेगळ्या रेघांत पडतात. कार्बनची रेघ दिसली, ऑक्सिजनचीही. सोनं बेपत्ता! दोन आठवडे मी लेसरलाच दोष देत बसलो. मग सरांनी एवढंच विचारलं, ‘‘वर्ख तापवला होतास का?’’

निर्वात पेटीतही वर्खावर पाण्याचा आणि तेलाचा सूक्ष्म थर बसलेला असतो. त्यातला हायड्रोजन अगदी पृष्ठभागावर, शिवाय हलका. सोन्याचे ५० इलेक्ट्रॉन काढले तरी त्याचं वस्तुमान १९७. म्हणजे वस्तुमानाच्या मानाने भार प्रोटॉनच्या, अर्थात हायड्रोजनच्या आयनाच्या, जेमतेम पाव. प्रोटॉन आधी निसटतात आणि क्षेत्राचा मलिदा खाऊन टाकतात. म्हणून वीजप्रवाहाने किंवा दुसऱ्या छोट्या लेसरने वर्ख तापवून तो थर उडवायचा. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा त्याच्या अलीकडेच थांबायचं. तापलेला वर्ख सैल पडून लेसरच्या नाभीतून (झोत एकवटतो त्या बिंदूतून) सरकतो, हा वेगळाच मनस्ताप. त्यात माझे किती वर्ख गेले ते विचारू नकोस.

राहिले मोठे त्वरक. ते इतक्यात कुठे जात नाहीत. कर्करोगाच्या खोलवरच्या गाठीवर कार्बन आयनांनी उपचार करायचे तर प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) सुमारे ४०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तेही शॉटमागून शॉट तंतोतंत तेवढेच. लेसरमधून निघालेल्या आयनांची ऊर्जा मात्र एकाच शॉटमध्येही कमीपासून जास्तीपर्यंत पसरलेली असते.