अर्क म्हणजे घाम!

प्रश्न आहे : ‘नरक्याच्या अर्काने कर्करोग बरा’ या वाक्यात ‘अर्क’ बरोबर, की ‘काढा’ हवा? (नरक्या हे सह्याद्रीतलं झाड.)

आधी ‘बरा’ खोडा. हे वाक्य मी सारखं ऐकतो आणि दर वेळी संताप येतो. प्रयोगशाळेत रोगी नसतो. ९६ खळग्यांची, तळहातावर मावणारी प्लास्टिकची ताटली असते आणि खळग्यांत वाढवलेल्या कर्कपेशी. त्यांत वनस्पतीतून काढलेला द्रव घालतात, दोनेक दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळा फिका, तर जिवंत पेशी कमी. इतकंच कळतं. निरोगी पेशीही तशाच मेल्या का, हे वेगळं तपासावं लागतं.

आता ‘अर्क’. सूर्य आणि रुई हे संस्कृत अर्थ सर्वांना माहीत आहेत, ते सोडा. आपला हा अर्क अरबी ‘अरक’ आहे, म्हणजे घाम! ऊर्ध्वपातनात वाफ थंड होऊन थेंब जमतात, तो भांड्याला फुटलेला घाम. ‘अराक’ ही दारू याच घराण्यातली. रावणाच्या नावावरचा ‘अर्कप्रकाश’ पुढे करून काही पंडित शब्द संस्कृतच ठरवतात. ग्रंथावर रावणाचं नाव घातल्याने शब्द पुराणकाळात जात नाही, आणि संस्कृत ‘अर्क’ ज्यातून आला त्या ‘अर्च्’ धातूतून गुलाबपाणी कसं निघालं हे त्यांनी एकदा सांगावंच. ‘कार्टं म्हणजे अर्क आहे’ यातला अर्क मात्र मला दोन्हींकडचा वाटतो : अरबी अर्काचा कस आणि रुईच्या चिकाचा दाह. मराठीने दोन शब्द एका उच्चारात मुरवले, हे माझं ठाम मत आहे.

खरी गंमत पुढेच आहे. प्रयोगशाळेत साल किंवा लाकडाची पूड मिथेनॉलमध्ये भिजवतात, गाळतात, मग फिरत्या चंबूत कमी दाबाखाली मिथेनॉल उडवतात. थंड नळीवर घामासारखं जमतं ते मिथेनॉल, आणि ते बाजूला जातं. कामाचा असतो तो चंबूच्या तळाला चिकटलेला काळपट गोळा. म्हणजे घाम टाकून द्यायचा आणि उरलेल्याला ‘घाम’ म्हणायचं! आयुर्वेदात आटवून दाट केलेल्याला ‘घन’ म्हणतात, गुळवेलीची घनवटी त्याचीच. तोच शब्द इथे चपखल आहे. परिभाषावाल्यांनी यासाठी दिलेला ‘निष्कर्ष’ नको. ‘नरक्याच्या निष्कर्षाचे निष्कर्ष’ कोण वाचणार?

‘काढा’ तर नकोच. काढा पाण्यात उकळतात. नरक्यात १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या रसायनशास्त्रज्ञांना सापडलेलं कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारं द्रव्य पाण्यात जेमतेम विरघळतं, ते काढ्यात फारसं उतरणारच नाही. शिवाय मूळ कॅम्प्टोथेसिन माणसांना फार विषारी ठरलं. औषधं झाली ती त्यात रासायनिक बदल करून, टोपोटेकान आणि इरिनोटेकान. तेव्हा लिहायचंच तर ‘नरक्याच्या घनाने ताटलीतल्या कर्कपेशी मेल्या’ असं लिहा.