कळ गेली म्हणून पाठ बरी झाली असं समजू नकोस

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. "सर, पाय आता अजिबात दुखत नाही. सोमवारपासून ग्राउंडवर येऊ का? नेमार तर दीड महिन्यात परत आला होता." कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली म्हणून झालेल्या तुझ्या ऑपरेशनला अजून महिनाही झालेला नाही. फोनवर 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण नुसतं नाही म्हटलं तर तू दोन दिवस गप्प बसशील आणि तिसऱ्या दिवशी गावातल्या पोरांबरोबर उतरशील, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहितो. सावकाश वाच आणि घरच्यांनाही वाचून दाखव, कारण यातलं अर्धं काम त्यांच्या हातात आहे.

आधी नेमारचं, म्हणजे त्या ब्राझीलच्या फुटबॉलपटूचं. २०१४ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध पाठीत गुडघा बसला आणि त्याच्या कमरेच्या तिसऱ्या मणक्याचं हाड मोडलं. त्याचं ऑपरेशन झालं नाही. मोडलेलं हाड विश्रांतीने जुळलं आणि ऑगस्टमध्ये तो बार्सिलोनाकडून पुन्हा खेळला. तुझं हाड मोडलेलं नाही, तुझी गादी फाटलेली आहे. दुखणं वेगळं, त्यामुळे त्याचं कॅलेंडर तुझ्या भिंतीवर लावू नकोस.

तुझ्या कमरेत नेमकं काय झालं? दोन मणक्यांच्या मधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. खापरावर मांडा टाकताना कड फाटली की पुरण बाहेर येतं, तसं एल-५ (कमरेचा शेवटचा मणका) आणि एस-१ (त्याच्या लगेच खालचा) यांच्यामधलं तुझं कडं फाटलं आणि आतला गर मागे, पायात जाणाऱ्या नसेवर येऊन बसला. म्हणून कंबर कमी आणि पोटरी, पावलाची बाहेरची कड जास्त ठणकत होती. सर्जननी नसेवर बसलेला तो तुकडा काढला. नस मोकळी झाली, कळ थांबली. पण फाटलेलं कडं कुणी शिवलेलं नाही. ते आतून हळूहळू व्रण धरून भरतं, आणि गादीला रक्त फार कमी मिळत असल्याने त्याला वेळ लागतो.

म्हणजे पायाची कळ थांबली एका रात्रीत, पाठ तयार व्हायला लागणार काही महिने. मधला हा जो काळ आहे ना, मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. दुखत होतं तोवर दुखणंच तुला आवरत होतं. आता आवरणारं कुणी नाही. तुझ्यासारख्या ऑपरेशननंतर त्याच जागी गादी पुन्हा बाहेर येणं १०० पैकी साधारण ५ ते १५ जणांच्या वाट्याला येतं. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. बाकीचे ८५-९५ आहेत, त्यांत तुला बसवायचं आहे, एवढ्यासाठी सांगतो.

माझं ऑपरेशन याच जागेचं. तेव्हा चीर मोठी असायची आणि माणूस बरेच दिवस आडवा राहायचा. आता दुसऱ्या दिवशी चालवतात. चालणं हेच तुझं सध्याचं औषध. सकाळी उजाडताना गावातला डांबरी रस्ता धर. शेताच्या बांधावरून नको, पावसात पाय घसरतो. आधी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग वाढवत जा.

पहिले सहा आठवडे तीन गोष्टी बंद: कमरेतून वाकणं, वजन उचलणं, अंग पिरगळणं. ऐकायला सोपं वाटतं. पण तुमच्या घरी केळी आहे. काढणी सुरू झाली आणि ट्रक येऊन उभा राहिला की मजूर एखादा कमी असतोच, आणि घरातल्या जवान पोराकडे सगळ्यांची नजर जाते. २०-२५ किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत जायचं, हे तुझ्यासाठी आता फुटबॉलपेक्षा वाईट. वडिलांना आजच सांग की या हंगामात तुला धरू नका. त्यांना पटलं नाही तर मला फोन करायला सांग.

न्हाणीतली भरलेली बादली उचलायची नाही, तांब्याने पाणी घे. उकिडवं बसायच्या संडासावर खुर्ची ठेव, जळगावला मिळते, महाग नाही. झोळ पडलेल्या खाटेवर झोपायचं नाही. उठताना सरळ ताडकन उठायचं नाही: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातावर भार देऊन अंग वर आणायचं. मी आजही असाच उठतो, आता ती सवयच झाली आहे. शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला नाहीतर टेबलाला हात टेक आणि पोट घट्ट धर. मोटारसायकलवर मागे बसून सावद्यापर्यंतसुद्धा नको, त्या खड्ड्यांत कंबरेला दणके बसतात. आपल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला डीजेपुढे पोरं तुला ओढतील. दर्शन घे, रोट खा, घरी जा.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे उसण भरली की पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. आजीची श्रद्धा आहे, तिचं मन मोडू नकोस, पण या पाठीला कुणाचाही पाय लागता कामा नये. मणका बसवून देतो म्हणणारा, मालिशवाला, कुणीच नाही. आजीला म्हणावं, डॉक्टरांनी शपथ घातली आहे.

तंबाखू, मावा खात असशील तर आता थांबव. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि गादीला मुळात रक्त कमी. मैदानाबाहेर पोरांच्या खिशात पुड्या असतात हे मला दिसतं, तुझ्या खिशात नसावी.

आता ग्राउंडचं. 'कधी' हे विचारण्यापेक्षा 'काय जमल्यावर' हे विचार. साधारणपणे धावणं अडीच-तीन महिन्यांनी सुरू होतं आणि पूर्ण सामना चार ते सहा महिन्यांनी. पण तारीख सर्जन आणि फिजिओ ठरवतील, मी नाही आणि कॉलेजच्या टीमची लिस्ट तर नाहीच नाही. मी एक गोष्ट मात्र स्वतः बघणार आहे. भिंतीजवळ उभा राहा, तोल सांभाळायला दोन बोटं भिंतीला टेकव. चांगल्या पायावर उभा राहून टाच वर उचल, खाली आण. २०-२५ वेळा सहज होईल. मग ऑपरेशनच्या बाजूच्या पायावर कर. बहुतेक सात-आठव्या वेळेला टाच अर्ध्यातच थांबेल, पोटरी थरथरेल, आणि तू नकळत अंग पुढे झुकवून चोरी करशील. तिथे थांब. एस-१ ची नस पोटरीला जाते. जोरात पळताना जमिनीला जो रेटा द्यायचा असतो तो तीच पोटरी देते. ती अर्धी असताना तू पळालास तर राहिलेला जोर शरीर कमरेतून काढतं. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे होईपर्यंत मी तुला पळू देणार नाही. ही तपासणी आत्ता घरी करू नकोस, फिजिओ सांगतील तेव्हा त्यांच्यासमोर कर.

नसेचं बरं होणंही क्रमाने होतं. आधी कळ जाते, मग ताकद येते, आणि बधिरपणा, मुंग्या सगळ्यात शेवटी. करंगळीकडची थोडी जागा कायमची बोथट राहू शकते. माझी राहिली आहे. त्यामुळे खेळायचं अडलं नाही.

व्यायाम फिजिओ शिकवतील: रांगताना असतो तसं राहून हात-पाय लांबवणं, कुशीवरचा प्लँक (कोपरावर अंग तोलून धरणं), पाठीवर झोपून कंबर उचलणं. कंटाळवाणे आहेत. पण ते धड स्थिर ठेवायला शिकवतात, आणि किक मारताना धड स्थिर राहिलं तरच कंबर वाचते. पोटाचे सिटअप मात्र नको, त्यात गादीवर दाब वाढतो.

बॉल हातात नाही, पायाशी येईल तेव्हा क्रम असा राहील. आधी चालत ड्रिबलिंग, मग सरळ रेषेत, मग पायाच्या आतल्या बाजूने छोटे पास. लांब पास आणि जोरदार शॉट खूप नंतर. का ते समजून घे: शॉट मारताना तू आधी मागे कमान करतोस, मग कमरेतून फिरतोस आणि शेवटी पुढे वाकतोस, म्हणजे सहा आठवडे ज्या गोष्टी बंद ठेवल्या त्यातल्या दोन एका क्षणात, पूर्ण वेगाने. हेडरचंही तसंच, कमान आणि झटका. म्हणून हेडर आणि टॅकल सगळ्यात शेवटी. पावसात तर ग्राउंडवर पाऊलच नको. आपली काळी माती स्टडला चिकटते, पाय जागीच धरला जातो आणि वरचं अंग फिरतं. दिवाळीनंतर जमीन आवळते, तेव्हा बघू. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या आत तुझं बरंच काम उरकलेलं असेल.

दुखण्याची भाषा ओळखायला शीक. व्यायामानंतर पाठीचे स्नायू आंबले आणि दुसऱ्या दिवशी मोकळे झाले तर घाबरायचं नाही. पण दुखणं ढुंगणातून मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर त्याच दिवशी एक पायरी मागे यायचं आणि फिजिओला कळवायचं. गोळी खाऊन सराव करायचा नाही, गोळीने दुखणं झाकतं आणि तुला थांबायचं कळत नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, चालताना चप्पल पायातून निसटायला लागली म्हणजे पंजा उचलत नाही, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता सुद्धा गाडी काढून दवाखाना गाठायचा.

परत आल्यावरही हे संपत नाही, हे तुला आत्ताच सांगतो. बार्सिलोनाकडून खेळलेल्या गोलकीपर टेर स्टेगनच्या कमरेचं ऑपरेशन डिसेंबर २०२३ मध्ये झालं, फेब्रुवारीत तो खेळायला लागला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आपला बुमराह घे. पाठीच्या ऑपरेशननंतर ऑगस्ट २०२३ मध्ये परतला, २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत पाठीने पुन्हा डोकं वर काढलं. त्यांच्याकडे जगातले उत्तम डॉक्टर आहेत. तरी पाठ सांभाळत खेळणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाला. तुझाही होईल. सराव असो नसो, सकाळचे ते तीन व्यायाम चुकणार नाहीत, एवढं मनाशी ठरव.

गावात लोक म्हणतील, "मणक्याचं ऑपरेशन झालं, पोरगा कामातून गेला." त्यांनी पूर्वीचे वाईट अनुभव पाहिलेत, म्हणून बोलतात. तुझ्यासारख्या ऑपरेशननंतर बहुतेक खेळाडू परत खेळतात. पण खोटा दिलासाही देणार नाही: काहींना आधीचा वेग मिळत नाही. तसं झालंच तर तू मिडफिल्डर आहेस, बॉल येण्याआधी मान फिरवून बघायची सवय तुला आहे. कमी पळून जास्त बघणारा खेळाडू मला टीममध्ये नेहमी हवा असतो. आणि पहिल्या हेडरला उडी मारताना छातीत धस्स होईल, त्याची लाज बाळगू नकोस. मला सांग, आपण बॉल हातात धरून, जागेवर उभं राहून सुरू करू.

तुझ्या रूमवरचा तो डिफेंडर कंबर दुखते म्हणून तुझ्याच सर्जनचा नंबर मागतोय असं कळलं. त्याला सांग, गादी सरकलेले बहुतेक लोक ऑपरेशनशिवायच सहा ते बारा आठवड्यांत सुधारतात. त्याचं दुखणं मागे वाकताना होतं, वय सतरा. अशा पोरांच्या मणक्याला कधी कधी ताणाचं फ्रॅक्चर असतं आणि त्याला खेळ थांबवणं हाच पहिला उपाय असतो. त्याने आधी तपासून घ्यावं, तोवर ग्राउंडवर येऊ नये.

सरकारी नोकरीतल्या खेळाडू कोट्याची काळजी करतोयस असं तुझी आई म्हणाली. पाच टक्के आरक्षण पुढच्या वर्षीही असणार आहे. एक मोसम गेला तर जाऊ दे.

सहावा आठवडा संपला की फिजिओकडे जाताना मला कळव, मी भुसावळहून येतो. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआय बरोबर ठेव. स्टडचे बूट घरीच राहू देत, चालायचे बूट घालून ये, आणि लेस आईकडून बांधून घे.

तुझा,
सर