पोळी-भाजी केंद्र चालतंय, पण पैसा उरत नाही. नवे पदार्थ वाढवावेत का?

तुमचं केंद्र नौपाड्यात आहे, संध्याकाळी ठाणे स्टेशनवरून परतणाऱ्यांची गर्दीही असते, तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही. म्हणून चायनीज आणि पावभाजी सुरू करावी का, असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता एकही पदार्थ वाढवू नका. आधी कणीक तोला.

एक किलो पिठाची मळून साधारण १.६ किलो कणीक होते. ४० ग्रॅमचा गोळा घेतला तर ४० पोळ्या निघतात, ४५ ग्रॅमचा झाला की ३५च. रोज ५०० पोळ्या होत असतील, तर एवढ्याशा फरकाने दिवसाला दीड किलो, म्हणजे २६ दिवसांत सुमारे ४० किलो पीठ जास्त जातं. लाटणाऱ्या ताईंजवळ वजनकाटा ठेवा. दर पन्नासातले पाच गोळे तोलले तरी हात बसतो. भाजीचा डावही एकच ठरवा. १९ किलोचा सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख घाला, म्हणजे तो किती पाकिटांना पुरला ते कळेल.

मग रोजचा आकडा काढा. समजा भाडं २८,०००, पगार ४०,०००, वीज-किरकोळ ६,००० आणि तुमचा स्वतःचा पगार ३०,००० (हा रकाना बहुतेक जण धरतच नाहीत, आणि तिथेच फसतात). एकूण १,०४,०००, म्हणजे २६ दिवसांचे रोज ४,०००. तीन पोळ्या-भाजीचं पाकीट ८० रुपयांना विकता आणि माल, गॅस, पॅकिंग मिळून ते ४०ला पडतं, तर पहिली १०० पाकिटं नुसता खर्च भरून काढतात. न विकता उरलेलं प्रत्येक पाकीट एका विकलेल्या पाकिटाची कमाई खातं. त्यामुळे कणीक मळून ठेवा, पण पोळ्या गर्दी बघून लाटा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. त्या दिवशी पोळ्या कमी आणि साबुदाण्याची खिचडी.

कल्पकता हवीच, पण आहे त्या मालात. तीच मोडाची मटकी एकदा गोडा मसाला आणि चिंच-गूळ घालून, एकदा आलं-लसूण-खोबऱ्यात. चायनीज म्हटलं की वेगळा माल, वेगळी शेगडी आणि वेगळा माणूस आला. तुमचा गिऱ्हाईक दमून घरी चाललेला, घरच्यासारखं जेवण हवं असलेला माणूस आहे. पुढे कधी नवा पदार्थ सुचला, तर तो पदार्थ हा माणूस आठवड्यातून एकदा तरी नेईल का, एवढंच बघा. नेईल असं वाटलं तर चार गुरुवार फक्त २० पाकिटं करा. साडेआठपर्यंत १६ गेली तर ठेवा, आणि जुना एक पदार्थ काढा. मे महिन्यात ओल्या नारळाची भाजी आधी आंबते, म्हणून नारळ पॅकिंगच्या वेळी घाला. पोळ्या जाळीवर वाफ जाऊ देऊन मगच बांधा, नाहीतर घरी पोचेपर्यंत ओल्या होतात.

एवढं करूनही जमत नसेल तर भाव वाढवा, पोळी गुपचूप लहान करू नका; रोजच्या गिऱ्हाइकाला ते पहिल्याच घासाला कळतं. ८०चे ८५ केले तर खर्च १०० ऐवजी ८९ पाकिटांतच निघतो. आठवडाभर आधी फळ्यावर लिहा.