पावसाळ्यात कापलेला तांबडा भोपळा दोन दिवसांत बुरसतो, काय करावं?

बुरशी गरापासून नाही, मधल्या पोकळीतून सुरू होते. बिया आणि ओल्या शिरा तशाच ठेवून फोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आत पाणी सुटतं आणि तिथेच पांढरं धरतं. म्हणून कापल्याबरोबर चमच्याने पोकळी अगदी गरापर्यंत खरवडून काढा. कापलेली बाजू धुऊ नका, कोरड्या फडक्याने टिपा. भोपळा धुवायचा तो कापण्याआधी, अख्खा असताना. साल राहू द्या, कापलेल्या बाजूला क्लिंग फिल्म घट्ट चिकटवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस टिकतो. कड जराशी सुकली तर तेवढी कापून टाका. बुळबुळीत झाला किंवा आंबूस वास आला तर सगळाच टाका.

अख्खा घेणार असाल तर गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात देठ बघून घ्या. देठ वाळलेला, निदान दोन बोटं लांब हवा आणि सालीत नख रुतता कामा नये. देठ मोडलेला असला तर सड तिथूनच आत शिरते. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये नको, 10 अंशांखालच्या थंडीत तो काही दिवसांनी आतून खराब होऊ लागतो. वारा खेळेल अशा जागी सुंभाच्या चुंबळीवर ठेवा, थेट फरशीवर नको, आणि पिकलेल्या केळ्यांपासून लांब. दर आठवड्याला उचलून बूड दाबून बघा. इतर दिवसांत दोन-तीन महिने सहज राहतो, पण आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत तेवढा भरवसा धरू नका.

खतखत्याला (गोव्याची मिश्र भाज्यांची रस्सेदार भाजी) सालीसकट इंचभर फोडी करा आणि सुरण, शेंगा शिजत आल्यावर शेवटी घाला. आठ-दहा मिनिटं पुरतात. आधी घातल्या तर रस्साच होतो. सोलंही (आमसुलं) फोडी शिजल्यावरच, कारण आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही.

उरलेला भोपळा किसून, पाणी न घालता परतून गार करा आणि वाटी-वाटीच्या पिशव्यांत फ्रीझरला टाका. घारग्यांना तो उत्तम: 2 वाट्या किसाला 1 वाटी गूळ, मावेल तेवढीच कणीक. गूळ गरम असताना पातळ होतो, म्हणून कणीक मिश्रण गार झाल्यावर घाला, नाहीतर अंदाज चुकून घारगे वातड होतात.

आणि कापल्यावर तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर गूळ घालून सावरू नका, फेकून द्या. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि पोट बिघडवतो.